भिंगामागची साय

सोमवार, १३ नोव्हेंबर २००६, दिग्रस

सरकारी कापूस खरेदी सुरू होऊन आठवडा झाला आणि आज यार्डात हंगामातली पहिली थप्पड वाजली. ती मी मारली.

दारव्ह्याकडचा एक जण. त्याच्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घातला, तळातून कापूस काढला, सरकीवरचा धागा ओढून ताणला, मग तळहातावर ठेवून उन्हात धरला. ग्रेडर म्हणून अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. धागा लांब होता, पण चमक नाही, अंगावर मळकट पिवळट झाक. मी म्हटलं, "कवडी." म्हणजे डागी माल, सगळ्यात खालची प्रत. त्यानं माझ्या छातीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "डोये फुटले का तुहे?" दिली ठेवून. त्याची टोपी चाकाखाली गेली.

वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण डोळ्याबद्दल मी ऐकून घेत नाही. डावा डोळा लहानपणी विटीदांडूत गेला, त्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्यावर नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी त्यात मोतीबिंदू पिकला तेव्हा यवतमाळला ऑपरेशन करून भिंग बसवून घेतलं, आणि पट्टी निघाल्यावर दवाखान्याच्या गच्चीवरच्या कबुतरांची पिसं मोजली. असा डोळा आहे माझा. त्या दवाखान्याचं कार्ड अजून आहे, या वहीत खूण म्हणून घातलंय.

यंदा कापूसच बिघडलाय. ही नवी बीटीची वाणं. दहा बंड्यांतल्या सात कवडी. नियमाप्रमाणे प्रत्येक बंडीतला मूठभर कापूस कागदाच्या पुडीत बांधतो, वर बंडीचा नंबर, गावाचं नाव, प्रत आणि सही. पुड्यांनी कपाट भरत चाललंय. कोणाला शंका असेल त्यानं उघडून बघावं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

घरात भांडण. शीलेला म्हटलं, ग्रेडरचा शर्ट पांढराशुभ्र पाहिजे, लोक शर्टाकडे बघून माणसाचा अंदाज घेतात. आणि तू मला हे पोतेऱ्यासारखे शर्ट देतेस. ती म्हणाली, "स्वच्छ आहेत. डोळे उघडून बघा." म्हणजे हिलाही डोळेच दिसतात. बादली लाथेनं उडवली. पाणी तुळशीपर्यंत गेलं.

विजेचंही तेच. व्होल्टेज इतकं कमी की दिव्याभोवती तांबूस कडं दिसतं, खाली वाचता येत नाही. बोर्डाला पत्र लिहिलंय. शीला म्हणते, मला तर नीट वाचता येतं. तिला बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

नीळ मीच आणली आणि मीच घातली, दोन दिवस. आज कुठं शर्ट जरा पांढरा वाटला.

यार्डात शिरलो तर हमाल तोंड फिरवून हसायला लागले. काट्यावरचा पूनमसिंग म्हणाला, "साहेब, आज निया शर्ट काहून घातला? नवा हाय का?" पूनमसिंग बावीस वर्षं माझ्याबरोबर वजनकाट्यावर आहे, चेष्टा करणाऱ्यातला नाही. मी म्हटलं, निळा कुठला, पांढरा आहे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग "हव, पांढराच हाय" म्हणून काट्याकडे वळला. त्या "हव" नं अंगाची लाही झाली. स्टूल उचलून फेकलं, भिंतीवर आपटून एक पाय मोडला.

म्हातारपणी माणूस तापट होतो म्हणतात. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, म्हातारा नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

देवीलाल राठोडची बंडी आली. जवळच्या तांड्यावरचा बंजारा, वीस वर्षं माझ्याकडे कापूस घालतो. त्याची बायको चंदाबाई दव वाळल्याशिवाय कापसाला हात लावत नाही, पानाचा कण राहू देत नाही. त्यांचा कापूस म्हणजे सुपर, हात न घालता लिहून द्यावं असा. मी तरी हात घातला. उन्हात धरला. तोच मळकटपणा.

तीनदा काढला, तीन ठिकाणांहून. खरं सांगतो, तिसऱ्या वेळी मनात म्हणत होतो, बाबा, पांढरा नीघ. नाही निघाला. मग काय करू? ओळखीच्या माणसाला वेगळा न्याय मी आयुष्यात दिला नाही. म्हटलं, "कवडी."

देवीलालला आधी गंमतच वाटली. "साहेब, माह्या हातचा कापूस वळखत नाई का तुमी?" मी पुडी बांधायला घेतली तेव्हा त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "कावीळ झालेल्या मानसाले सारं पिवळंच दिसते." चंदाबाई पुढं आली, मूठभर कापूस माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "पाहा ना साहेब, दुधावानी हाय. पाहून तं सांगा." मी म्हटलं पाहिलं. तर तिनं तो कापूस माझ्या तोंडावर मारला.

कापूस लागत नाही. पण अख्खं यार्ड बघत होतं. मी तिला लोटलं. ती चाकाच्या आऱ्यांवर पडली, कपाळ फुटलं. देवीलालनं माझी गचांडी धरली, माझे पाय जमिनीवरून सुटले होते. चौकीदारांनी काठ्यांनी झोडपून त्याला सोडवलं. त्यानं बंडी वळवली, बायकोला वर बसवलं आणि तसाच भरल्या बंडीनं परत गेला.

बाईला लोटायला नको होतं. शीलेला सांगितलं नाही.

सोमवार, ४ डिसेंबर (लिहिलं ७ तारखेला, अंथरुणात)

बंड्यांची रांग बसस्टँडच्या पुढं गेली होती. तीन दिवस लोक बंड्यांखाली झोपत होते, बैलांचा चारा संपला होता. दुपारी बाराला मी फळ्यावर प्रतींची यादी लावली. कवडी, कवडी, कवडी, एखादी मधली फेअर, परत कवडी. कोणीतरी मोठ्यानं वाचत होतं आणि प्रत्येक "कवडी"ला मागून शिवी येत होती.

पहिला दगड फळ्याला लागला. दुसरा काट्याच्या काचेला. मग मोजायला फुरसत नव्हती. ऑफिसची खिडकी गेली, टेबल बाहेर ओढलं, कोणीतरी कापसाच्या गंजीला काडी लावली. कापूस भडकत नाही, आत शिरून धुमसतो, आणि धूर घशात सुईसारखा जातो. एका हमालाला लोक पायाखाली तुडवत होते, त्याचा दोष एवढाच की तो यार्डाचा हमाल. माझ्या हातात मोडक्या स्टुलाचा पाय होता. मीही मारला. कोणाला मारला माहीत नाही. ज्याला लागला तो खाली बसला.

ऊन डोक्यावर होतं. उन्हात हल्ली मला सगळं फुटल्यासारखं दिसतं, कारण उन्हाळे आता पूर्वीचे राहिले नाहीत, हिवाळेसुद्धा. त्या उजेडातून लाल पागोटं दिसलं, वर उगारलेला हात, आणि डोक्यात कळ. मी पडलो. डोळे उघडले तर तेच लाल पागोटं माझ्यावर वाकलेलं. देवीलाल. दोन्ही हात रक्तानं भरलेले, ते माझ्या काखेत घालत होता.

मी ओरडलो, हाच तो, धरा, हाच तो. चौकीदारांनी त्याला माझ्या अंगावरून उपसला आणि ठोकला. त्यानं डोकं वाचवायला हात वर धरला, हातावर काठ्या बसल्या. हाडाचा आवाज ऐकू आला. इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: मला बरं वाटलं.

सात टाके. फौजदार दवाखान्यात येऊन जबानी घेऊन गेला. मारणाऱ्याला पाहिलं का? म्हटलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ज्या डोळ्यांवर सरकारनं विश्वास ठेवला त्या डोळ्यांनी. त्यानं तसंच लिहून घेतलं.

शनिवार, ९ डिसेंबर

चंदाबाई सकाळपासून फाटकाशी बसून होती. कपाळावर खपली. शीला पाणी घेऊन गेली तर पाणी घेतलं नाही. म्हणाली, "बाई, माह्या मालकानं साहेबाले मारलं नाई. उचललं. लोकं पाय देऊन राह्यलते अंगावर, म्हनून उचललं. आन् तुमी त्यालेच आत टाकलं." मी आतून ओरडलो, हाकल तिला. शीलेनं हाकललं नाही. दुपारी चंदाबाई आपणच उठली आणि पायरीवर एक गाठोडं ठेवून गेली. "साहेबाले म्हना, उजेडात पाहा."

कापूस होता. उजेडात बघितला. मळकट.

शीला म्हणाली, "अहो, हा पांढराशुभ्र आहे."

"तू ग्रेडर आहेस का?"

"नाही. पण माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत. आणि तुम्ही काल मीठ समजून साखर पोह्यांवर घातली. तुमच्या डोळ्यात काहीतरी झालंय, नीळकंठराव."

तिनं मला नावानं हाक मारायची ही दुसरी वेळ. पहिली आमचा मुलगा गेला तेव्हा. मी हात उचलला. लागला नाही, तिनं मान मागे घेतली. पण चौतीस वर्षांत पहिल्यांदा उचलला. ती रडली नाही. आत जाऊन पिशवी भरली, म्हटलं माहेरी निघाली, तर बाहेर येऊन म्हणाली, "मंगळवारी सकाळच्या एसटीनं यवतमाळला जायचंय. डॉक्टरकडे. नाही आलात तर मी फौजदाराकडे जाऊन सांगेन की माझ्या नवऱ्याला मीठ आणि साखर कळत नाही."

मंगळवार, १२ डिसेंबर, यवतमाळ

एसटीत दोन तास माझ्या डोक्यात एकच: या लोकांनी मला वापरलेलं भिंग बसवलं. कोणातरी मेलेल्याचं. म्हणून दोन वर्षांत उतरलं. लोहाऱ्याच्या फाट्यापर्यंत माझी खात्री झाली होती.

डॉक्टरीणबाई आभा देव, माझ्या मुलीच्या वयाची, मोतीबिंदूही तिनंच काढला होता. आत शिरलो आणि तिच्या टेबलावरचा ट्रे भिंतीवर फेकला. बाटल्या फुटल्या, कंपाउंडर धावून आला, त्याला कोपरानं ढकललं. म्हटलं, भिंगाचा चोर बाजार चालवता, कोणाचं भिंग घातलंत माझ्या डोळ्यात? रांगेतल्या म्हाताऱ्या उठून भिंतीला चिकटल्या. बाई जागची हलली नाही. म्हणाली, "काका, हनुवटी इथे ठेवा. तपासून झालं की उरलेल्या बाटल्या फोडा."

मी हनुवटी ठेवली. बराच वेळ बघत होती.

"भिंग उत्तम आहे. नवंच होतं, अजून नव्यासारखंच आहे. भिंग ज्या पिशवीत बसवतो तिचा मागचा पडदा आपलाच असतो, निसर्गाचा. तो धूसर झालाय. दुधावर साय धरते तसा."

"म्हणजे मोतीबिंदू परत आला?"

"तो परत येत नाही. हा वेगळा प्रकार, बऱ्याच जणांना होतो. हळूहळू होतो म्हणून माणसाला कळत नाही. त्याला वाटतं जगच मळलंय. उन्हात डोळा दिपतो, रंग उतरतात, माणसांचे चेहरे नीट लागत नाहीत."

मी विचारलं, कधीपासून?

"इतका दाट व्हायला सात-आठ महिने तरी गेले असतील. तुम्हाला दर वर्षी यायला सांगितलं होतं. कार्डावर लिहून दिलं होतं."

कार्ड या वहीत होतं. बाहेर बाकावर बसून काढलं, तर शीलेनं वाचून दाखवलं. लाल शाईत लिहिलंय. त्या पानापासून या पानापर्यंत मी ते रोज सरकवत आलोय.

उपाय किती वेळचा? पाच मिनिटांचा. लेसर. डोळ्यात औषध घातलं, तांबडा ठिपका दिसला, टिक टिक टिक असे आवाज झाले, दुखलं नाही. बाहेर आल्यावर कंपाउंडरची माफी मागितली. तो म्हणाला, होते कधी कधी. त्याच्या कोपरावर काच लागली होती, ती मला आता दिसली.

बुधवार, १३ डिसेंबर

सकाळी अंगणात गेलो. दोरीवर सहा शर्ट. निळे. आकाशी नाही, चांगले निळे. मी हसलो आणि मग तिथंच पायरीवर बसून रडलो. शीला चहा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या? म्हटलं, शनिवारी मी हात उचलला. म्हणाली, "हो." आणि चहा खाली ठेवला.

तिथून थेट यार्डात. जळक्या गंजीचा वास अजून आहे. कपाट उघडलं आणि पुड्या सोडायला सुरुवात केली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. पाचवी खरीच कवडी, तिच्यावर इतका जीव जडला की बाजूला काढून ठेवली. मग परत पांढऱ्या. वर प्रत्येकीवर माझ्या अक्षरात "कवडी" आणि खाली लफ्फेदार सही. त्या दारव्हेवाल्याची सापडली. दुधासारखी. शेवटी देवीलालची.

पूनमसिंग दारात उभा होता. म्हणाला, "आज दिसून राह्यलं, नाई का साहेब?"

मी विचारलं, चार तारखेला माझ्या जवळ कोण होतं?

"देवीलाल होता. बंडी घेऊन परत आल्ता, मनला साहेबाले एक डाव अजून पाहू देतो. तुमी पडले तं लोकं वरून चालून राह्यलते. त्यानं काखेत हात घातले, मी पाय धरले. उचलतच होतो तं तुमी बोंबलले, हाच तो."

"तू काय केलंस?"

"पाय सोडून पयालो. मलेबी मारलं असतं."

"मग बोलला का नाहीस रे? नऊ दिवस."

"तुमी इचारलं नाई," पूनमसिंग म्हणाला. "आन् तुमी फौजदाराले मनले, माह्या डोयानं पाह्यलं. साहेबाच्या डोयाले कोन खोटं मनन? तुमी मनले तं मी शर्टालेबी पांढरा मनलो."

शुक्रवार, १५ डिसेंबर

वरच्या साहेबांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देशकर, वर्षभर राहिलंय तुमचं. जबानी बदललीत की हंगामातली प्रत्येक प्रत उकरली जाईल. लोक तुम्हाला फाडून खातील. आजारपणाची रजा टाका आणि गप्प बसा. त्या माणसाला चार महिन्यांत जामीन होईलच की."

फोन ठेवल्यावर मी पुड्या परत बांधल्या. एकेक, नीट, पहिल्यासारख्या. खरं तेच लिहितो. संपूर्ण दुपार मी गप्प बसायचं ठरवलेला माणूस होतो. रजेचा अर्जही लिहिला.

संध्याकाळी शीलेनं जेवायला वाढलं. मी मिठाच्या बरणीतून मीठ घेतलं आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. नीट घेतलं. तरी ती बघत होती. म्हणाली, "आता तर दिसतं ना तुम्हाला?"

अर्ज फाडला.

सोमवार, १८ डिसेंबर (लिहिलं २० तारखेला)

कोर्टात पुड्यांचं पोतं घेऊन गेलो. देवीलालला आणलं होतं, उजव्या हाताला मळकं फडकं गुंडाळलेलं. हे फडकं खरंच मळकं होतं. मी न्यायाधीशांना सांगितलं, मारणाऱ्याला मी पाहिलं नाही. मला दिसतच नव्हतं. हा माणूस मला उचलत होता, आणि मी याला मार खायला लावलं. डॉक्टरांचा कागद दिला. त्यांनी विचारलं, मग या हंगामात प्रती कशा ठरवल्या? म्हटलं, चुकीच्या. पोतं टेबलावर ठेवलं.

कोर्ट भरलेलं होतं. बातमी माझ्या आधी बाहेर गेली.

जामिनाचे कागद होईपर्यंत चार वाजले. मी बाहेर आलो तेव्हा निंबाखाली शंभरेक लोक होते.  मग तो दारव्हेवाला पुढं आला, ज्याची टोपी मी चाकाखाली घातली होती. त्याची थप्पड येताना मला स्पष्ट दिसली, हातावरचा गोंदलेला मारुतीसुद्धा. चुकवता आली असती. त्यानंतर मात्र एकेक मारणारा वेगळा राहिला नाही. शर्ट फाटला. कोणीतरी पोटात लाथ घातली, टाके उघडले, मी धुळीत पडलो. "आंधळ्या, माहा कापूस कवडी? माहा?" असं एक जण प्रत्येक लाथेला म्हणत होता. शीला त्यांच्या पाठीवर पिशवी मारत होती.

मग पाय थांबले. लोक बाजूला झाले आणि देवीलाल आला. माझ्यावर वाकला. तेच लाल पागोटं, तसाच वाकलेला, त्याच जागी उजेड. चार तारखेला मला या चेहऱ्यावर खून दिसला होता. चेहरा साधाच आहे. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, आणि काळजी करणाऱ्या माणसासारखी कपाळाला आठी. तेव्हाही हाच चेहरा असणार.

मी हात वर केला, तो उचलेल म्हणून.

त्यानं फडकं सोडलं. मधलं बोट आणि अंगठ्याजवळचं बोट, दोन्ही पेरातून बाजूला वळून तशीच जुळलेली, नखं काळी. कापूस वेचणाऱ्या हाताची बोटं. त्यानं तो हात माझ्या तोंडाशी धरला, जसा चंदाबाईनं कापूस धरला होता.

"साहेब, आता दिसते ना?"

"दिसतं."

"मंग पाहा."

मी पाहिलं. तो घाई करत नव्हता. माझं पाहून झालंय असं त्याला वाटलं तेव्हा त्यानं फडकं परत गुंडाळलं, ते एका हातानं जमेना तर चंदाबाईनं गाठ मारून दिली, आणि दोघं तांड्याच्या रस्त्याला लागले. मला शीलेनं उठवलं.